अर्धा आटा

तिसऱ्या वळणावर गाडी बाहेर पडली नाही, आणि मापाड्याच्या मनात पाल चुकचुकली.

शनिवारची दुपार होती. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत सहा-सात पोक्त माणसं लाकडी ट्रॅकच्या कठड्याला पोट टेकवून उभी होती. प्रत्येकाच्या मुठीत एकेक कंट्रोलर, आणि समोर तळहाताएवढ्या गाड्या गुणगुणत पळत होत्या. ट्रॅक सुतारानं स्वतःच्या हातानं केलेला. क्लबचा मालक, झाडूवाला आणि पंच सगळं तोच. मापाडी गेली सहा वर्षं इथं येत होता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सगळे त्याला मापाडी म्हणत, आणि त्यालाही ते आवडत असे. त्याची पांढरी गाडी गेले तीन-चार महिने तिसऱ्या वळणावर हटकून खाचेतून सुटायची आणि कठड्यावर जाऊन आपटायची. इतकी हटकून, की वळण जवळ आलं की त्याचा अंगठा आपोआप सैल पडायचा. आजही पडला. पण गाडी वळणाला अशी चिकटून गेली, जणू तिला आतून कुणी धरून ठेवलंय. पुढच्या फेरीला त्यानं अंगठा सोडला नाही. तरी गेली. शर्यत संपली तेव्हा तो पहिला आला होता, आणि हे त्याला सुतारानं हात पुढे केला तेव्हा कळलं.

"काय मापाडी, आज कुणाचं तोंड बघून उठलात?"

"बायकोचं," तो म्हणाला. सगळे हसले. क्लबातला दंतवैद्यही हसला, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. आणि हसताना त्यानं मापाड्याच्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी गाडीकडे बघितलं.

घरी येताना ते उशिरा आलेलं हसू मापाड्याच्या बरोबर चालत होतं. माणूस जिंकला की त्याला बरं वाटायला हवं, आणि याला वाटत होतं की आपल्या खिशात कुणीतरी न विचारता काहीतरी टाकलंय. कारण गाडी त्यानं तशी लावलीच नव्हती. या गाड्यांना स्टिअरिंग नसतं. नाकाखाली प्लास्टिकची पातळ जीभ असते, ती ट्रॅकवरच्या खाचेत उतरते. जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या दोन वेण्या असतात, त्या खाचेच्या काठावरच्या पट्ट्यांवर घासत वीज घेतात, आणि मोटर फिरवते ती मागची चाकं. पुढची चाकं म्हणाल तर शोभेची. पण हीच शोभेची चाकं कागदाच्या जाडीइतकी खाली आली की जीभ तेवढीच वर उचलली जाते आणि गाडी वळणावर सरळ निघून जाते; तेवढीच वर राहिली तर गाडी वळणावर खांदा टाकते. त्यांनी रस्त्याला टेकावंही आणि टेकूही नये. त्यासाठी पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांशी, खालून-वरून, तिळाएवढे बिनडोक्याचे स्क्रू असतात, ते बारीक चावीनं पाव-पाव, अर्धा-अर्धा आटा फिरवून ॲक्सलची उंची धरायची. ॲक्सल डाव्या-उजव्या बाजूला सरकू नये म्हणून चाकाच्या आत पितळी वायसर, म्हणजे पातळ चकत्या, घालायचे. एक जास्त झाला तर चाक जाम, एक कमी झाला तर लटलट. गुरुवारी संध्याकाळी तो हेच करत बसला होता. डाव्या बाजूचा स्क्रू तीनदा चावीवरून निसटून खाली पडला होता. दिवा नीट नव्हता. चावी हलकी होती. नवा चष्मा जवळच्या वस्तूंना दगा देत होता. शेवटी वैतागून, डावीकडचं चाक खाली राहिलंय हे माहीत असताना, त्यानं गाडी डब्यात टाकली होती आणि झाकण लावलं होतं. आपण काय सोडून उठलो हेच आपल्याला ठाऊक नसेल, तर मग आपण एकोणतीस वर्षं केलं काय?

एकोणतीस वर्षं त्यानं माणसांचे हात बघितले होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं नाणं, पोटात पोकळ करून वर मेण ओतलेलं वजन, गल्ल्याखालच्या बटणानं पन्नास ग्रॅम वाढणारा काटा. लोक म्हणतात मापात पाप, पण मापात कधीच नसतं, ते माप धरणाऱ्याच्या बोटांत असतं, आणि बोटं ज्याची गुंतलेली असतात तो नेमका त्या वेळी गोड बोलतो. खुर्ची पुढे करतो, मुलाबाळांची चौकशी करतो. मापाडी कुणाच्या दुकानात पाणीसुद्धा घेत नसे. फुकट मिळालेल्या गोष्टीला मागून शेपूट असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आज त्याला एक अख्खी शर्यत फुकट मिळाली होती.

रविवारी सकाळी त्यानं गाडी स्वयंपाकघराच्या टेबलावर जाड काचेवर ठेवली आणि एखाद्या संशयित तराजूसारखी उघडली. ॲक्सल बाहेर काढून काचेवर लोळवला. वाकडा असता तर खटखट वाजला असता. हा निःशब्द गेला. वायसर त्यानं डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन घातले होते. आता दोन्हीकडे दोन होते. डावं चाक ॲक्सलवर घट्ट आणि उजवं मोकळं, म्हणजे वळणावर दोघांना आपापल्या वेगानं फिरता यावं, हे त्याचंच होतं. पण उजवं चाक आता फुंकरीनं फिरत होतं, आणि फिरून थांबताना मागे झोल खात नव्हतं. इतकं सफाईचं काम त्याला पूर्वी जमायचं. पूर्वी म्हणजे कधी, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. मग त्यानं भिंग लावलं आणि डाव्या टायरच्या आतल्या कडेला त्याला एक निळा डाग दिसला. मोहरीच्या निम्म्याएवढा, पुसट, पण निळा. पुढच्या टायरनं रस्ता धरू नये म्हणून तो त्यांच्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचा. पहिल्यांदा ते विकत घ्यायला गेला तेव्हा दुकानातल्या मुलीनं विचारलं होतं, कोणता शेड देऊ काका, आणि तो म्हणाला होता, दिसणार नाही असा. ती गोष्ट त्यानं घरी सांगितली तेव्हा बायको हसता हसता ओट्याला धरून खाली बसली होती. तिच्या कामात नखं रंगवायला बंदी होती. घरातली ती एकुलती एक बाटली त्याची. तिच्यात निळं काही नव्हतं.

निळा डाग कुठला ते त्याला दुपारी, भात कालवताना आठवलं. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्याच्या खुर्चीत तो आडवा पडला होता, तोंडात नवीन बसवलेली दाढ, आणि दंतवैद्य दातांमधे एक निळा पातळ कागद सरकवून म्हणत होता, चावा, आता घासा, अजून एकदा चावा. जिथं दाढ उंच लागते तिथं निळं उमटतं. दंतवैद्य तेवढंच तासायचा आणि पुन्हा कागद घालायचा. चाक जमिनीला कुठं आणि किती लागतंय हे बघायला याहून चांगला कागद जगात नसेल. मापाडी स्वतः त्यासाठी पातळ कागदाची पट्टी चाकाखाली घालून ओढून बघायचा; ती किंचित अडकून निघाली की झालं. म्हणजे दंतवैद्य. पण गाडी तर मापाड्याच्या डब्यात होती, डबा घरात होता. आणि प्रतिस्पर्ध्याची गाडी बिघडवणारा माणूस समजू शकतो, सुधारणारा कसला माणूस? मापाड्यानं घास तोंडात तसाच धरून ठेवला. स्वतःहून समोरच्याला जिंकू देणारा माणूस हरत नसतो, तो काहीतरी झाकत असतो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "खडा लागला का?"

"नाही."

"मग चावा की."

चावा. तिनं तोच शब्द वापरला, आणि तेव्हा त्याला ते सुचलं जे खरं तर सकाळीच सुचायला हवं होतं. ती एका लॅबमधे दात करत असे. प्लास्टरच्या साच्यावर मेणाचा दात घडवणं, त्याला घाट देणं, केसाएवढी कड तासणं. तिच्या बोटांकडे बघताना त्याला लग्नाच्या आधीही वाटलं होतं की या बोटांना स्वतःचे डोळे आहेत. आणि लॅबमधले निम्मे दात त्या दंतवैद्याकडेच जात. क्लबचा पत्ताही दंतवैद्यानंच तिच्याकरवी कळवला होता, 'तुमच्या साहेबांना बारीक कामाची आवड आहे म्हणता ना, मग पाठवा.' सहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य आता त्याला वेगळंच ऐकू आलं. साहेबांना पाठवा. शनिवारी दुपारी, चार तास. पण दंतवैद्य स्वतःही शनिवारी क्लबातच असतो, हे मनातल्या मनात कुणीतरी सांगितलं; त्या कुणाला तरी मापाड्यानं गप्प केलं. शनिवार नसेल. आठवड्याला आणखी सहा वार असतात. ती गेले काही महिने त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघत असे. तो कप उचलायचा तेव्हा, सही करायचा तेव्हा, शर्टाची वरची गुंडी लावायचा तेव्हा. तो मान वर करायचा आणि तिची नजर खिडकीबाहेर गेलेली असायची. एकदा तर ती गुंडी लावायला पुढे आली होती आणि त्यानं तिचा हात बाजूला केला होता. ज्याच्या मनात काही असतं तो असाच जास्तीची सेवा करायला येतो.

रविवारी संध्याकाळी, ती दूरच्या शहरात शिकणाऱ्या मुलीशी फोनवर बोलत असताना, त्यानं मुद्दाम सगळ्यांसमोर, म्हणजे तिच्यासमोर, गाडी काढली आणि मुद्दाम बिघडवली. डावीकडचा स्क्रू अर्धा आटा खाली, आतला एक वायसर कमी. डब्याचं झाकण लावताना कडेत टिश्यूचा एक धागा ठेवला, दिसेल न दिसेल असा. ही युक्ती त्यानं धान्याच्या गोदामांवर कितीदा वापरली होती. सोमवारी संध्याकाळी धागा जागच्या जागी होता, आणि त्याला बरं वाटण्याऐवजी चुकल्यासारखं वाटलं. संशयाचं असंच असतं. तो खोटा ठरला की माणूस आणखी एक दिवस मुदत देतो.

मंगळवारी त्याची तपासणी एका सराफाकडे होती. दुकान लहान, दोन माणसं बसतील एवढं. सराफ वयानं सत्तरीचा, आवाज मऊ. काचेच्या पेटीतला तराजू त्यानं आधीच पुसून ठेवला होता, आणि मापाड्यानं ते टिपून ठेवलं: आधीच पुसलेला. त्यानं मखमलीच्या खणातून एकेक चाचणीचं वजन चिमट्यानं उचलून पारड्यात ठेवायला सुरुवात केली. शेवटचा आकडा ठरेना. दोन, पाच, एक, चार, परत दोन. त्यानं वजन काढून पुन्हा ठेवलं. तेच.

"साहेब," सराफ हळूच म्हणाला, "चिमटा अजून वजनाला टेकलेला आहे."

"मला शिकवू नका."

"तसं नाही. काटा बरोबर आहे. तुमचा हात लागतोय जरा."

हात लागतोय. त्या वाक्याची मापाड्याला चीड आली, कारण ते सराफ इतक्या काळजीनं म्हणाला होता. खुर्ची पुढे करणाऱ्यांचा आवाज असाच असतो. त्यानं तिसऱ्यांदा वजन ठेवलं, आकडा नाचला, आणि त्यानं तराजूला तार गुंडाळून शिसं दाबलं. पुढचा हुकूम येईपर्यंत वापर बंद. तराजू बंद म्हणजे सराफाचं दुकानच बंद. म्हातारा वाद घालत बसला नाही. त्यानं तराजूवर फडकं पांघरलं, जसं पिंजऱ्यावर पांघरतात, आणि म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा." मापाडी पायऱ्या उतरताना स्वतःशी म्हणाला, सगळे हेच म्हणतात.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा टिश्यूचा धागा टेबलाखाली पडला होता. त्यानं बूटही काढले नाहीत. डबा उघडला, गाडी काचेवर ठेवली, डाव्या चाकाखालून कागदाची पट्टी ओढली. पट्टी किंचित अडकली आणि निघाली. आतला वायसर परत आला होता. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती, आणि सुरीचा आवाज एका लयीत, न चुकता येत होता. घरात दोनच माणसं. ती तिथं उभी होती आणि हा इथं. त्याला वाटलं विचारावं. पण विचारलं की समोरचा उत्तर तयार करतो, हे तर त्यानंच नव्या निरीक्षकांना शिकवलं होतं. तो बूट काढायला परत दाराशी गेला. नाडीची गाठ सुटता सुटेना.

बुधवारी तो दाढ दुखते असं सांगून दंतवैद्याकडे गेला. दंतवैद्यानं आरसा फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "दाढ ठणठणीत आहे."

"मग दुखते का?"

"ते तुम्ही सांगा." दंतवैद्यानं तोंडावरची पट्टी खाली ओढली. तो पुढे काही बोलणार होता. त्याची नजर खुर्चीच्या हातावर गेली, जिथं मापाड्याचा उजवा हात होता, आणि मापाड्यानं तो हात उचलून पोटावर घेतला. दंतवैद्य म्हणाला, "शनिवारी मस्त पळवलीत गाडी."

"गाडी पळाली. मी नाही पळवली."

"एकच की ते."

"एकच कसं असेल?" मापाडी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघत राहिला. दंतवैद्यानं नजर वळवली. ट्रेमधे निळ्या कागदाच्या पट्ट्यांची छोटी डबी उघडी पडली होती. मापाड्याच्या दृष्टीनं तपास तिथंच पुरा झाला. आता फक्त मुद्देमालासकट पकडायचं उरलं होतं. त्या रात्री त्यानं डावीकडचा स्क्रू पुन्हा अर्धा आटा खाली फिरवून ठेवला.

गुरुवारी बायकोची अर्धी सुट्टी असे. मापाडी दुपारी एकच्या सुमारास ऑफिसात काही न सांगता निघाला. जिन्यात त्यानं पावलं हलकी टाकली. स्वतःच्या घराच्या जिन्यात चोरासारखं चढताना त्याला लाज वाटली, आणि लाजेबरोबर एक जुना, ओळखीचा जोरही अंगात आला, धाड घालण्याआधी येतो तसा. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या गॅलरीत उघडायची. पडदा अर्धा होता. टेबलाशी ती बसली होती, लॅबमधलं भिंगाचं चष्म्यावरचं कडं डोळ्यांवर ओढून. समोर काच, काचेवर त्याची पांढरी गाडी उताणी, चार चाकं वर. शेजारी निळा कागद. आणि फोन, त्यातून दंतवैद्याचा आवाज.

"उजवं मोकळं फिरतंय?"

"फिरतंय. डावीकडे निळं उमटतंय अजून."

"मग अर्धा आटा वर. त्याहून जास्त नको."

तिनं चावी लावली, फिरवली. तिचा हात मनगटापासून पुढे जणू दुसऱ्या कुणाचा होता, इतका स्थिर. मग ती थांबली. "हे असं लपवून किती दिवस चालायचं?"

"मी तर पहिल्यापासून म्हणतोय, सांगून टाका."

"ते सहन नाही व्हायचं त्यांना."

मापाड्याला वाटलं, आपण आता दार उघडू नये. इथूनच मागे फिरावं, जिना उतरावा, ऑफिसात जाऊन बसावं आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी यावं. म्हणजे हे वाक्य आपण ऐकलंच नाही असं होईल. जन्मभर त्यानं जे शोधलं ते सापडल्यावर त्याला कधी असं वाटलं नव्हतं. त्याला त्यांच्या पहिल्या घरातली खोली आठवली, जिथं एकच खुर्ची होती आणि ती आलटून पालटून वापरायची असे. तेव्हा ती दात घडवायला शिकत होती आणि सरावासाठी साबणाच्या वड्यांवर दाढा कोरायची. तो आंघोळीला जायचा आणि साबणाच्या वडीवर दाढ असायची. मग त्याच्या लक्षात आलं की आपण दार उघडलेलं आहे.

ती दचकली नाही. फोनमधे म्हणाली, "आलेत ते. ठेवते," आणि फोन पालथा ठेवला.

"कधीपासून चाललंय हे?" त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"चार महिने झाले असतील." तिनं भिंग कपाळावर सरकवलं. "आधी मला वाटलं, थकव्यानं होतंय."

"थकव्यानं?"

"तुमचा हात."

तो उभाच होता. तिनं टेबलाखालून पायानं खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "क्लबात डॉक्टरांनी आधी बघितलं. तुम्ही गाडीची जीभ बसवत होता आणि ती खाली पडत होती. त्यांनी लॅबमधे मला विचारलं, घरीही होतं का असं. मी म्हटलं, होतं. कपाची बशी वाजते. मी तुम्हाला दोनदा सांगितलं. आठवतंय?"

"नाही."

"एकदा म्हणालात, दिवा बदल. दुसऱ्यांदा म्हणालात, माझ्या हातावर पहारा ठेवतेस का."

ते मात्र त्याला आठवलं. तो खुर्चीत बसला. तिनं स्क्रू तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला, तिळाएवढा, आणि चावी. मापाड्यानं चावीच्या टोकावर स्क्रू घेतला आणि ॲक्सलच्या वरच्या भोकाशी नेला. हात त्याला तर स्थिरच वाटत होता. पण चावीचं टोक ॲक्सलला लागत होतं आणि सुटत होतं, लागत होतं आणि सुटत होतं, आणि त्या रिकाम्या दुपारी त्याला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला: टिक टिक टिक, घड्याळाहून भरभर. त्यानं श्वास धरला. आवाज वाढला. स्क्रू चावीवरून सुटला, काचेवर दोनदा उडाला आणि तिच्या बांगडीशी जाऊन थांबला. त्याला वाटलं, दिवा. पण दुपार होती आणि खिडकीतून भरपूर उजेड येत होता. नवा चष्मा, हलकी चावी, खराब वळण, सुतारानं मुद्दाम उंच ठेवलेली तांब्याची पट्टी, बशीची तुटकी कड, गुंड्यांची लहान भोकं. चार महिन्यांत त्यानं किती गोष्टींना आणि किती माणसांना आरोपी केलं होतं ते एकामागून एक त्याच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि प्रत्येकजण म्हणत होता, साहेब, तुमचा हात लागतोय जरा.

"मंगळवारी," तो म्हणाला आणि थांबला.

"काय मंगळवारी?"

"काही नाही. एका म्हाताऱ्याचा तराजू बंद केला मी." मग तो म्हणाला, "गाडी का दुरुस्त करत बसलीस? तिसऱ्यांदा सांगायचं होतंस."

"तुम्ही दर शनिवारी पडलेली गाडी घेऊन यायचात आणि रविवारभर जगाला शिव्या द्यायचात. सुतार लबाड, वीज लबाड. म्हटलं, गाडी पळाली तर निदान माणसांवरचा राग कमी होईल. मग धीर करून सांगेन." ती किंचित हसली. "पण तुमचं उलटंच. हरलात तर एक संशय, जिंकलात तर दोन."

त्यालाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. ती त्याच्याकडे नीट बघत होती, आता खिडकीबाहेर नाही.

"डॉक्टरांवर संशय घेतलात ना?"

"गाडीचा."

"गाडीचाच?"

त्यानं काचेवरची कागदाची पट्टी उचलली. उत्तरासाठी जेवढा वेळ थांबायचं तेवढा वेळ ती थांबली, मग भिंग पुन्हा डोळ्यांवर ओढलं आणि गाडी जवळ घेतली. तिच्या ओठांची कड आत वळली होती. हे ती विसरणार नाही हे त्याला कळलं, आणि हेही कळलं की ती हे पुन्हा काढणार नाही. "वरचा स्क्रू बसवते," ती म्हणाली, "तुम्ही सांगा कधी थांबायचं ते. डॉक्टर पुन्हा पुन्हा निळा कागद लावायला सांगतात, मला त्यातलं काही कळत नाही." त्यानं पट्टी चाकाखाली घातली आणि एका टोकाला हलकेच धरली. हात थरथरत होता तरी पट्टीतून त्याला चाक कळत होतं. टेकलं, जास्त टेकलं, सुटलं. "पाव आटा मागे," तो म्हणाला. "अजून किंचित. थांब." ती थांबली. मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची वेळ तिनं आधीच घेऊन ठेवली होती, हे तिनं त्यानंतर सांगितलं, आणि न विचारता घेतलेल्या त्या वेळेचाही त्याला एक क्षणभर संशय आला, सवयीनं.

शुक्रवारी सकाळी त्यानं ऑफिसात साहेबांना तोंडी सांगितलं की सोमवारपर्यंत तो कुठल्याही तराजूवर वजन ठेवणार नाही. साहेबांनी कारण विचारलं, त्यानं सांगितलं. सांगायला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. मग तो वजनांची पेटी घेऊन सराफाकडे गेला. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं आणि आत म्हातारा नुसता बसला होता. त्याला बघून सराफ उठला, पण या वेळी त्याच्या चेहऱ्यावर ती काळजी नव्हती. तो मापाड्याच्या मागे, रस्त्यावर बघत होता, आणखी कोण आलंय का ते.

"आज काय काढलंत?"

"पुन्हा तपासायचाय. मंगळवारी माझी चूक झाली असावी."

"असावी म्हणजे?" सराफ जागचा हलला नाही. "तीन दिवसांत चूक कळली? कुणी सांगितलं?"

मापाड्याला तो सूर ओळखीचा होता. त्यानं तार कापली, शिसं खिशात टाकलं, पेटी उघडून सराफाच्या पुढे सरकवली. "वजनं तुम्ही ठेवा. मी हात लावणार नाही."

सराफानं त्याच्याकडे, मग पेटीकडे बघितलं. यातही काही मेख असेल असं त्याला वाटत होतं, ते स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्यानं चिमटा घेतला. सत्तरीतला तो हात सावकाश गेला, वजन ठेवलं आणि निघून आला. आकडा एकदा हलला आणि ठरला. दुसरं वजन. ठरला. तिसरं, सगळ्यांत लहान, जे श्वासानंही हलतं. ठरला. दोघांनीही तो आकडा जरा जास्तच वेळ बघितला.

"माझा हात हलतो," मापाडी म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतंत. काटा बरोबर आहे."

"हे लिहून द्याल?"

"द्यायलाच आलोय."

त्यानं गल्ल्यावर कागद ठेवला आणि उभ्यानंच लिहिलं: मंगळवारची बंदी रद्द, तराजू अचूक, चूक तपासणाऱ्याची. अक्षरं एकमेकांपासून पळत होती. खाली सही केली. सराफानं कागद उचलला, चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग उठून भिंतीवरचं दोन वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र खिळ्यावरून काढून आणलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. प्रमाणपत्रावरची मापाड्याची सही एका झटक्यात ओढलेली, शेपटीला ऐटदार वेलांटी. नव्या कागदावरची सही म्हणजे कुणीतरी खडबडीत रस्त्यावर चालत्या गाडीत बसून केल्यासारखी.

"ही सही जुळत नाही, साहेब."

"माझीच आहे," मापाडी म्हणाला. "आता ती अशीच येते."

सराफ त्याच्याकडे बघत राहिला. खरं सांगतोय की खोटं हे शोधणारी ती नजर मापाड्यानं एकोणतीस वर्षं दुसऱ्यांवर रोखली होती. ती स्वतःवर आल्यावर कुठं बघायचं हे त्याला कळेना, म्हणून तो सरळ सराफाच्याच डोळ्यांत बघत उभा राहिला.

"मग सहीखाली नाव लिहा," शेवटी सराफ म्हणाला. "पूर्ण. सुटं सुटं."

मापाड्यानं पेन घेतलं. पहिल्या अक्षरालाच कागद सरकला. सराफानं कागदाच्या कडेवर दोन बोटं दाबून धरली, आणि शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत ती उचलली नाहीत.